किरायेदार लिहा

नगर निगमच्या माणसाने मागच्या दोन खोल्या मोजल्या, फीत गुंडाळली आणि दारात उभ्या असलेल्या वासंतीकडे मान वळवून घरमालक भय्यासाहेबांना विचारलं, "ये कौन हैं?"

"भतीजी हूँ इनकी," वासंतीनेच उत्तर दिलं.

सकाळीच ठरलं होतं तसं. मालक स्वतः राहत असेल तर घराला निम्मा कर, खोल्या किरायाने दिल्या असतील तर पुरा, असं माडीवर राहणारे दिलीपराव बँकेतून ऐकून आले होते. नव्या नियमाप्रमाणे फ्रीगंज वस्तीतली घरं पुन्हा मोजली जात होती. "तुम्ही पुतणी, मी भाचा," कामावर जाता जाता जिन्यावर थांबून ते म्हणाले होते. "भय्यासाहेबांसाठी एवढं तर आपण करूच शकतो."

वासंतीला ते पटलं होतं. मिल बंद पडली आणि तिच्या नवऱ्याची, गोपाळची नोकरी गेली, तेव्हा भय्यासाहेबांनी भाडं मागणंच सोडून दिलं होतं. गोपाळला एसटीडी बूथवर काम मिळेपर्यंत त्यांनी विषयसुद्धा काढला नाही. अशा माणसासाठी एक खोटं बोलणं तिला जड वाटलं नाही.

भय्यासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला.

"भतीजी नहीं है," ते म्हणाले. "किरायेदार है. वही लिखिए."

माणूस दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "बाबूजी, सोच लो. किरायेदार लिखूँगा तो टैक्स पूरा लगेगा."

"मालूम है. ऊपर भी किरायेदार हैं. दोनों के पूरे नाम लिखिए. कब से रहते हैं, वो भी."

वासंतीची कानशिलं तापली. परक्या माणसासमोर खोटं पकडलं गेलं, ते एक झालंच. पण ज्या सुरात ते 'नहीं है' म्हणाले, तो सूर तिला जास्त लागला. याच ओट्यावर तिची अमृता रांगायला शिकली. भय्यासाहेबांच्या पत्नी उषाकाकू शेवटच्या आजारात होत्या तेव्हा त्यांची वेणी घालायला, तोंडात पाणी घालायला वासंतीच होती. दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट अजून पुढच्या खोलीत जायचं. चहा टाकायच्या निमित्ताने ती आत निघून आली. बाहेर भय्यासाहेब तिचं, गोपाळचं, दिलीपरावांचं नाव आडनावासकट सांगत होते. एका ठिकाणी त्यांनी त्या माणसाला थांबवलं आणि काना-मात्रा दुरुस्त करून घेतली.

निगमचा माणूस चहा पिऊन, एक प्रत ठेवून शेजारच्या घराकडे गेला. वासंती कप उचलायला आली. तिने वर पाहिलं नाही.

"रागावलीस?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"नाही. खोटं बोलले, ती माझीच चूक." ती थोडं थांबली. "पण पुतणी म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, भय्यासाहेब? तुमचाच कर वाचला असता."

"बस जरा."

ती पायरीवर बसली. समोर, जिथे गेल्या वर्षापर्यंत बैठं घर होतं, तिथे आता तीन मजली इमारत उभी होती. खाली कूलर आणि रंगीत टीव्हीचं दुकान, वर कॉम्प्युटरचे क्लास.

"आल्हादला इथे तसंच काहीतरी बांधायचंय," भय्यासाहेब म्हणाले. "दिवाळीत येऊन गेला ना, तेव्हा बिल्डरला घेऊन आला होता. मुलगा वाईट नाही माझा. पण हल्ली जमिनीचे भाव ऐकले की चांगल्या माणसांचंही चित्त जागेवर राहत नाही. मी आहे तोवर तो गप्प बसेल. मी गेल्यावर तो तुझ्या दारात येईल, तेव्हा त्याला काय सांगशील? पुतणी आहे म्हणून?"

वासंतीने हातातले कप मांडीवर टेकवले.

"तो म्हणेल, वासंतीताई, बाबांनी मायेनं ठेवलं होतं, आता निघा. कायद्यात मायेला जागा नसते. किरायेदाराला मात्र असं हात धरून काढता येत नाही. मी तुम्हाला कधी पावती दिली नाही, तुम्हीही कधी मागितली नाही. सगळं विश्वासावर चाललं. तो विश्वास माझ्याबरोबरच जाणार होता. आता निगमच्या दफ्तरात तुमची नावं राहतील."

समोरच्या दुकानात कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवून दाखवत होतं. वासंतीने पदराने डोळे पुसले.

"मग जास्तीचा कर आम्ही भरतो," ती म्हणाली. "मी आणि दिलीपराव वाटून घेऊ. आमच्यामुळेच तर लागला."

"घराचा कर मालकानं भरायचा असतो. आणि मालक अजून मीच आहे."

एवढं बोलून ते उठण्यासाठी खुर्चीत पुढे सरकले. वासंतीने कप पायरीवर ठेवले आणि ती त्यांच्या पायांशी वाकली. भय्यासाहेबांनी संकोचून पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"अगं, मकानमालकाला कोणी नमस्कार करतं का?"

"मालकाला नाही करत," वासंती म्हणाली, आणि आणखी खाली वाकून तिने खुर्चीखाली हात घातला.