पावलावरचा डाग

"हा पावलावरचा डाग बघा," चित्रकार मुलाखत घेणाऱ्या मुलीला सांगत होता. "मंजुळा कलावंतिणीला भर दरबारात निखाऱ्यांवर नाचवलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीची बाई, पण तिनं मला जन्मभर झपाटलंय. दुसऱ्या बाईला माझा कुंचला कधी शिवलाच नाही."

मागे त्याची बायको, कुमुद, उभी होती. प्रदर्शनातल्या प्रत्येक चित्रात मंजुळेचा चेहरा तेवढा त्याच्या मनातला होता. मानेखालची सगळी कुमुदच होती. पायांत घुंगरू बांधून, एक पाऊल उचलून ती तासन्‌तास उभी राहायची. पाय थरथरला की तो खेकसायचा, "मंजुळा अशी हलली नसती!" आणि तो डाग? त्याच्या मित्रांसाठी भजी तळताना पायावर तेल सांडलं होतं. तेव्हा ह्या गृहस्थानं मलम आणलं नाही. फोड ताजा आहे तोवर चित्रात उतरवून घेऊ म्हणून घाईघाईनं रंग कालवायला बसला.

मुलीचे डोळे भरून आले. "किती सोसलं हो मंजुळाबाईंनी!"

"सोसलं खरं," कुमुद म्हणाली. तिनं चप्पल काढली, निऱ्या जरा वर धरल्या आणि आपलं पाऊल चित्राखाली नेऊन ठेवलं. तोच डाग, तिथंच.

मुलगी एकदा चित्राकडे, एकदा पावलाकडे बघत राहिली. चित्रकारानंही खाली पाहिलं आणि त्याचं नाक मुरडलं गेलं.

"शी! झाक तो पाय आधी," तो दातओठ खात पुटपुटला. "मंजुळेपुढे किती ओंगळ दिसतोय."