लाल लुगडं

घर विकलं होतं. उद्या आईला मुंबईला न्यायचं, म्हणून रमाकांतनं तिला होडीनं सुवर्णदुर्ग दाखवायला आणलं. गुडघाभर पाण्यात उतरणं तिला जमेना. ती होडीतच थांबली. “वरून आपलं घर बघ हां. अंगणातल्या काठीला लाल लुगडं बांधून आलेय,” तिनं बजावलं. मासेमारीहून परतताना वडिलांना लांबून घर ओळखू यावं म्हणून ती असंच बांधायची. होडी लागली की विचारायची, “दिसलं?” किल्ल्यावर रमाकांत तोफा, तटबंदी, स्वतःचे फोटो यांतच रमला. होडी चालवणाऱ्या तांडेलानं हाक मारली तसा धावत उतरला. “दिसलं?” आईनं विचारलं. “दिसलं की! लालभडक.” आई खुलली. घरी पोचताच शेजारणीनं लुगड्याची घडी तिच्या हातात दिली. “काकी, तुम्ही निघालात नि लगेच वाऱ्यानं पडलं.” आई घडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “तुझा बापूसही दरवेळी ‘दिसलं की!’ असंच म्हणायचा.”