उतरलेली बॅटरी

"आटप रं नियाज, सातचा भोंगा वाजवायचाय मला!"

आक्काताईंचा हा धाक आष्ट्यातल्या त्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातही चालायचा. पोरांनी अभ्यास करावा म्हणून त्यांच्या गावात रोज संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्ही-मोबाईल बंद. ग्रामसभेत ठराव त्यांनीच मांडलेला, भोंगाही त्याच वाजवत. आधी स्वतःचा मोबाईल बंद करायच्या, मग बटण दाबायच्या. एक दिवस खाडा नाही.

"आवं मावशी, तुमचं ते डबडं तर कायमच बंद असतंय," नियाज चिडवायला गेला.

"बंद कशाला? मेमरी फुल्ल म्हणतंय नुसतं. मेसेज घेत न्हाई." त्या हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

काउंटरवर सन्मतीचा, त्यांच्या लेकाचा फुटका मोबाईल होता. महिन्यापूर्वी संध्याकाळी घरी येताना त्याची मोटरसायकल उसात घुसली. सापडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मोबाईल हातातच होता.

"कुणाला लावला आसंल त्यानं फोन? मला तर न्हाई लावला. सकाळी लय बोलले हुते मी त्याला. त्योच राग धरून गेला का रं?"

नियाजला गलबलून आलं. त्याची स्वतःची आईही अशीच तोंडाची फटकळ. त्यानं नवी बॅटरी बसवली, चार्जर लावला आणि पाठ करून बसला. बराच वेळ तो स्क्रीनवर बोट फिरवत राहिला.

"निघालं काय?"

"फोटो निघत्यात. उद्या देतो." त्यानं मोबाईल पालथा ठेवला. "बाकी समदं गेलं. बॅटरी दुपारीच उतरली हुती, मावशी. अडीचलाच बंद पडलाय ह्यो."

"म्हंजे त्याला फोन लावताच आला न्हाई?"

"कुणालाच न्हाई."

आक्काताईंनी पदरानं डोळे पुसले. महिनाभरात पहिल्यांदाच त्यांना मोकळा श्वास आला. "लावला असता तर मलाच लावला असता. व्हय ना रं?"

"तुमालाच, मावशी."

गावाकडच्या सहाच्या वडापची जीप गाठायला त्या लगबगीनं निघाल्या.

त्या नजरेआड झाल्यावर नियाजनं मोबाईल सुलटा केला. पुसून टाकण्याआधी लावलेल्या कॉलची यादी पुन्हा एकदा वाचली. आई, सात वाजून दहा. आई, सात वाजून बारा. आई, सात एकोणीस. असे सव्वीस. शेवटचा, आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी.