पाण्याकाठचा पाहुणा

पाडलेल्या मोटेलच्या खिडक्या, शाळेने फेकून दिलेलं बेसिन आणि शेजाऱ्याच्या कुंपणाच्या फळ्या जोडून मी मागच्या अंगणात, पोहण्याच्या तलावाशेजारी पूल हाऊस उभं केलं. कागदावर ते टॉवेल ठेवायला होतं. खरं तर माझ्या सासऱ्यांसाठी, ऑर्व्हिलबाबांसाठी होतं, कारण वृद्धाश्रम आम्हाला परवडत नव्हता आणि त्यांना सोसला नसता. पण आमच्या गावच्या नियमात पूल हाऊसमध्ये कुत्रा झोपलेला चालतो, माणूस नाही. असले नियम करणाऱ्यांना म्हातारपण येत नसावं.

नगरपालिकेच्या बांधकाम तपासणीच्या दिवशी माझ्या बायकोने, लोर्नाने, सकाळी सातलाच बापाला पोहायची चड्डी घालून पाण्याकाठी बसवलं.

"बाबा, तुम्ही पाहुणे. पोहायला आलाय."

"अगं, मला पोहता कुठे येतं?"

"कोण ढकलतंय तुम्हाला पाण्यात!"

दहाला तपासनीस टफोया आला. त्याने भिंती ठोकल्या, नळ सोडून पाहिला आणि कोरड्या ठणठणीत म्हाताऱ्यापुढे येऊन उभा राहिला.

"काय आजोबा, इथेच राहता का?"

"छे! पोहायला आलोय," कानातलं यंत्र नीट बसवत बाबा म्हणाले.

लोर्ना नखं खात होती. आता हा सगळं पाडायला लावणार म्हणून मी भांडायला तोंड उघडलं, तोच त्याने 'येथे कोणीही राहत नाही' या ओळीखाली सही ठोकली.



"जानेवारीत फरशी बर्फासारखी गार पडते, एखादा जुना गालिचा टाका," कागद देताना तो हळूच म्हणाला. "आमच्या पूल हाऊसमध्ये आई अख्खा हिवाळा कुरकुरत होती."