दोन वर्षांची वाघीण-शिस्त

"दोन वर्षं झाली की वाघीण पिल्लांना हाकलून देते," वनरक्षक मडावींनी दुसरीच्या मुलांना दरडावून सांगितलं. "मग ज्याची शिकार त्यानं करायची. तोवर मात्र तीच भरवते, तीच चाटूनपुसून स्वच्छ ठेवते."

फळ्यावर वाघ काढून त्यांनी खडूच्याच हातानं स्वतःच्या मिशीला पीळ दिला.

तेवढ्यात दारात त्यांची आई येऊन उभी राहिली. "बाबू, डबा घरीच ठेवून आला ना तू? उपाशी राहतो काय दिवसभर?"

डबा टेबलावर ठेवताना तिला ती पांढरी मिशी दिसली. तिनं पदराचं टोक जिभेवर ओलं केलं. सवयीनं मडावींनी तोंड पुढे केलं आणि तिनं भर वर्गात मिशी खसाखसा पुसली.

आई गेल्यावर पहिल्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला. "सर, तुमाले अजून दोन वर्षं नाही झाले काय?"