तासाभराचं काम

‘शहर सावरलं’ असं अहवालाचं मुखपृष्ठ सकाळीच छापून आलं होतं, आणि पाहणीचा पहिला फॉर्म तिने आत्ता कुठे उघडला होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय! शहर सावरायची योजना साहेबांची, आणि ती फळली की नाही हे तपासायचं कामही साहेबांकडेच. तिने तोंडावर विचारलं, तर ते दात कोरत म्हणाले, “आकडे येतील हो बाई. तुम्ही घरं तेवढी फिरा.” शिसारी आली होती तिला.

पण या भागात साहेबांची डाळ शिजणार नव्हती. कारखाना बंद पडल्यापासून इथली माणसं नुसती बसून होती. शंभर घरांची यादी तिने स्वतः चिठ्ठ्या टाकून काढली होती, कुणाचा वशिला चालू नये म्हणून. आठ दिवस ती यादी साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. शंभरातली निम्मी माणसं बेकार भरली, तर कारखान्याच्या शेडमध्ये नवं वर्कशॉप उघडायचं ठरलं होतं. म्हणजे लेथवर वीस वर्षं काढलेल्या तिच्या थोरल्या भावाला पुन्हा काम. यादीत पहिलंच घर त्याचं निघालं होतं. त्यात तिची काही लबाडी नव्हती.

दादा धुतलेला शर्ट घालून बसला होता, नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा. वहिनी दाराशी उभी होती.

“मागच्या सात दिवसांत मजुरी घेऊन एक तास तरी काम केलं?” तिने वाचलं. हा प्रश्न तिच्या डोक्यातच जायचा. आठवड्यात एक तास राबला की माणूस म्हणे बेकार नाही! असला नियम करणाऱ्याला एकदा तासाभराच्या मजुरीवर आठवडा काढायला लावायला हवा. ‘नाही’वर खूण करायला तिने पेन टेकवलंसुद्धा.

“केलं की,” दादा म्हणाला.

“चेष्टा नको रे दादा. दीड वर्ष घरी बसलायस.”

“चेष्टा कसली, चिंगे? परवाच केलं, तुमच्या ऑफिसात. हॉलमधल्या खुर्च्या गच्चीवर नेल्या आणि परत खाली आणल्या. बरोबर एक तास. मजुरी हातात.”

“बोलावलं कुणी?”

“तुझ्या साहेबांनी. गाड्या पाठवल्या होत्या. आपल्या भागातले शंभर जण होतो आम्ही. साहेब स्वतः यादी धरून एकेकाचं नाव वाचत होते.”

‘नाही’वर टेकवलेलं पेन तिने उचललं. यादी तिच्याच अक्षरातली होती.

“तेव्हापासून घरात जरा हसतायत तरी,” वहिनी म्हणाली.

“भला माणूस आहे गं,” दादा म्हणाला. “पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी आहे ना तुमची? तिच्या आधीच्या आठवड्यात परत बोलावतो म्हणाले.”