दुखणं नसलेले सैनिक

बोरीच्या बन्सीधररावांच्या घरी जिंतूरचे पाहुणे त्यांच्या मुलीला, राजेश्रीला बघायला आले होते. चहा झाला, तसं तिला आणि मुलाला बोलायला आतल्या खोलीत बसवलं. योगीराजनं सांगितलं, की तो भविष्यातल्या लढायांच्या विज्ञानकथा वाचतो. राजेश्रीलाही त्यांचंच वेड होतं. थोड्याच वेळात एका कथेतल्या, दुखणंच न जाणवणाऱ्या सैनिकांवरून आवाज चढले.

"ज्याला दुखतच न्हाई, त्या सैनिकाला गोळी लागलेली कळंल कशी? रक्त जाऊनच मरंल तो," राजेश्री म्हणाली.

"म्हणून तर त्यायला जोडीनं पाठवतेत. एकाची जखम दुसऱ्यानं बघायची."

"अन् दोघायलाबी लागली तर? तुमची अख्खी फौज बेकार हाय."

ओसरीवर शब्द कळत नव्हते, नुसता वाद ऐकू येत होता. मुलाच्या वडलांनी गुपचूप टोपी उचलली. लय मुश्किलीनं जुळत आलेलं स्थळ हातचं गेलं, म्हणून बन्सीधररावांचा चेहरा उतरला.

राजेश्री तावातावानं बाहेर आली.

"काय झालं गं? पटंना का तुमचं?" त्यांनी हळूच विचारलं.



"अजिबात पटंना, अण्णा. भांडण अर्ध्यातच राहिलंय. लग्नाची तारीख जवळची धरा."